राजवाडा आणि सिद्धपुरुष

रशियाचा युवराज अलेक्सी याला रक्त न गोठण्याचा आनुवंशिक विकार होता. राजवैद्यांनी हात टेकले, तेथे सायबेरियातील रासपुतिनचे प्रस्थ माजले. १९१५ मध्ये झार सेनापतिपद घेऊन आघाडीवर गेला आणि मंत्र्यांच्या नेमणुकांत सम्राज्ञीमार्फत या बाबाचा शब्द चालू लागला. मातेच्या काळजाला कोण दोष देईल? पण तिच्या व्यथेवर राज्य चालू देणे हा झारचाच अपराध. पंतप्रधान स्टोलिपिन यांनी त्याला आधीच सावध केले होते. १७६३ मध्ये आपल्या गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनला निजामाच्या फौजेचा पराभव करणारे थोरले माधवरावही एकदा जपतपात गुंतले होते. रामशास्त्र्यांनी त्यांना, मग राज्य सोडून गंगातीरी चला, असे सुनावल्याची आख्यायिका आहे. माधवरावांनी ऐकले. डिसेंबर १९१६ मध्ये उमरावांनी रासपुतिनला ठार केले. तीन महिन्यांच्या आत झारचे सिंहासनही गेले.