कळ किती वेळां दाबावी ?

एकच क्रिया किती वेळां घडली हें सांगण्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र प्रत्यय योजिले आहेत. तीन वेळां म्हणावयाचें तर 'त्रिः', पांच वेळां म्हणावयाचें तर 'पञ्चकृत्वः'. हा आवृत्तिगणनेचा विचार आज प्रत्येकाच्या खिशांतील भ्रमणध्वनीस लागू पडला आहे. त्याच्या कडेची चालू-बंदची कळ एकदां दाबली असतां पडदा उजळतो. पुष्कळ यंत्रांत दोनदां दाबली असतां कॅमेरा उघडतो. आणि तीन किंवा पांच वेळां दाबली असतां साहाय्याची हांक जाते.

ही केवळ कारखानदारांची हौस नव्हे. केंद्र सरकारनें एप्रिल २०१६ मध्यें नियम करून १ जानेवारी २०१७ पासून विकावयाच्या भ्रमणध्वनींत संकटकळ आवश्यक ठरविली. साध्या यंत्रांत ५ किंवा ९ या अंकाची कळ दाबून धरावयाची. स्मार्टफोनांत चालू-बंदची कळ लागोपाठ तीनदां दाबावयाची. आयफोनवर भारतांत तीन दाब पुरतात. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून मात्र पुष्कळ यंत्रांत पांच लागतात. म्हणजे एकाच घरांत सासऱ्यांचें यंत्र 'त्रिः' मागतें आणि सुनेचें 'पञ्चकृत्वः' !

खरा धोका येथेंच आहे. सेनगांवाहून हिंगोलीस शिकावयास येणारी कन्या, किंवा मंडळी लग्नास गेली असतां न्हाणीघरांत घसरलेली आजी, यांस त्या क्षणीं हा हिशेब शोधीत बसणें शक्य नाहीं. म्हणून एखाद्या रविवारीं सर्वांनीं एकत्र बसून 'सेटिंग्ज'मधील 'सुरक्षितता आणि आणीबाणी' किंवा तत्सम सदर उघडावें. सोय चालू आहे कीं नाहीं, किती दाब लागतात, हांक ११२ या क्रमांकासच जाते ना, हें पाहावें व घरांतील दोघांचे क्रमांक तेथें नोंदवावे. ज्याचें यंत्र त्याच्याच हातून हें करवावें. हातानें केलेलें विसरत नाहीं.

हांक जाण्यापूर्वीं यंत्र उलट अंक मोजतें. त्या वेळचा इशाऱ्याचा आवाज वृद्धांच्या यंत्रांत चालू असावा, म्हणजे चुकून दाबलेली कळ तत्काळ ध्यानांत येते. मुलींच्या यंत्रांत तो बंद असणें इष्ट. दुष्ट मनुष्य समोर असतां तोच आवाज घात करील.

जून २०२३ मध्यें ब्रिटनच्या पोलिसांस अशा नकळत लागलेल्या हांकांचा फार उपद्रव झाला. चुकून हांक गेलीच तर ती तोडूं नये. "संकट नाहीं" एवढें सांगावें. निरुत्तर हांकेचा माग काढण्यांत पोलिसांचा जो वेळ जातो, तो दुसऱ्या कोणा संकटग्रस्ताच्या वांट्याचा असतो.