रात्रीची दारू, पहाटेची फेरी

कोल्हापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला चंदगड तालुका आहे. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला दोडामार्ग आणि गोवा. पाऊस धो धो, धुके दाट, आणि कोकणात उतरायचे तर तिलारीच्या घाटाची अवघड वळणे. अशा भागात पहाटेची एसटी ही चैन नसते. गडहिंग्लज किंवा बेळगावच्या दवाखान्यात निघालेला पेशंट, कॉलेजला जाणारी मुले, बाजाराला निघालेल्या बायका असे सगळे त्याच एका गाडीची वाट पाहत असतात. गाडी आली की चढायचे आणि सीट पकडायची. स्टीअरिंगवरचा माणूस कसा आहे, हे विचारायची सोय प्रवाशाला नसते. ती जबाबदारी आगाराची.

म्हणूनच ड्यूटीवर जाण्यापूर्वी चालकाची ‘फुंकर चाचणी’, म्हणजे ब्रेथ अॅनालायझरची तपासणी, महत्त्वाची ठरते. एसटीत ती नवी नाही. मात्र या चाचणीभोवती गैरसमज बरेच आहेत. पहिला गैरसमज चालकांचाच असतो. ‘रात्री घेतली होती, आता उतरली’ असे त्यांना वाटते.

‘उतरली’ म्हणजे किती?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे.

आता साधे गणित मांडू. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ६५ किलो वजनाच्या पुरुषाने ती रात्री अकराच्या सुमारास संपवली, तर रक्तातील पातळी ढोबळमानाने १४० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. यकृत हे अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने कमी करते. पहाटे साडेपाचला, म्हणजे साडेसहा तासांनी, रक्तात सुमारे ४० मिलिग्रॅम उरलेले असते. कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त. ३० च्या खाली यायला सव्वासहा वाजतात आणि शून्यावर यायला सव्वाआठ.

हा हिशेब प्रत्येकाला तंतोतंत लागू होत नाही. वजन, पोटातले अन्न, यकृताची स्थिती यांनुसार तो बदलतो. पण एक गोष्ट बदलत नाही, ती म्हणजे यकृताला घाई करता येत नाही. थंड पाण्याची आंघोळ, लिंबूपाणी, कडक चहा, धावपळ यांनी झोप उडते, रक्तातली दारू उडत नाही. तोंड धुतलेला, ताजातवाना वाटणारा चालक मनापासून ‘मी ठीक आहे’ म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला स्वतःला ते कळतच नसते.

थोड्या दारूनेही एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवण्याची क्षमता आधी घटते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर कापते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. घाटातल्या वळणावर साडेपाच मीटर पुष्कळ होतात.

यंत्र नेमके काय मोजते?

रक्त फुप्फुसातून वाहताना त्यातील अल्कोहोलचा थोडा अंश श्वासात मिसळतो. फुप्फुसाच्या खोल भागातील सुमारे २१०० मिलिलिटर हवेत जेवढे अल्कोहोल असते, तेवढेच एक मिलिलिटर रक्तात असते, असे प्रमाण धरून यंत्र आकडा दाखवते. चांगल्या यंत्रात इंधन-घट असतो. त्यातील प्लॅटिनमवर अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होते, सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि तो मोजला जातो. अल्कोहोल जास्त, तर प्रवाह जास्त. म्हणून फुंकर लांब आणि सलग मारावी लागते. अर्धवट फुंकरीत तोंडातली हवा जाते, फुप्फुसातली नाही.

इथेच यंत्राची एक मर्यादा दिसते. अल्कोहोल रक्तातून आले की नुकतेच तोंडात आले, हे साधे यंत्र ओळखत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये केरळ राज्य परिवहनच्या पंदळम आगारात काही चालक चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ आले. त्यांनी दारू प्यायली नव्हती, पिकलेला फणस खाल्ला होता. खात्री करण्यासाठी आधी ‘निगेटिव्ह’ आलेल्या चालकाला फणस खायला दिला, तर यंत्राने त्यालाही पकडले. जास्त पिकलेल्या फणसातील साखर आंबून किंचित अल्कोहोल तयार होते आणि त्याचा अंश तोंडात राहतो. चंदगडसारख्या फणसाच्या मुलखात ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. काही खोकल्याची औषधे, माउथवॉश आणि होमिओपॅथीचे थेंब यांतही अल्कोहोल असते.

उपाय सोपा आहे. चूळ भरायची, पंधरा मिनिटे काहीही न खाता-पिता थांबायचे आणि नव्या नळीने पुन्हा फुंकायचे. तोंडातले अल्कोहोल तेवढ्यात नाहीसे होते, रक्तातले राहते. दुसऱ्यांदाही आकडा तेवढाच आला, तर फणसाची सबब चालत नाही. शून्य आला, तर एका निर्दोष माणसाची नोकरी वाचते.

फुंकर ही सुरुवात, निकाल नव्हे

चाचणीची व्यवस्था कशी असावी, याचे उत्तर इतर वाहतूक क्षेत्रांकडे पाहिले की मिळते. आपल्याकडे रेल्वेचा लोको पायलट क्रू लॉबीत हजेरी लावतानाच फुंकर मारतो. विमानाच्या कर्मचाऱ्यांना उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य असते आणि चाचणीत आकडा शून्यच यावा लागतो.

अमेरिकेत या विषयाने कायद्याचे रूप घेतले ते अपघातांनंतर. जानेवारी १९८७ मध्ये मेरीलँडमधील चेस इथे रेल्वे अपघातात १६ जण मृत्युमुखी पडले. इंजिनवरच्या कर्मचाऱ्यांनी गांजा ओढल्याचे निष्पन्न झाले. ऑगस्ट १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मद्यधुंद चालकामुळे पाच प्रवासी दगावले. त्याच वर्षी वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा कायदा झाला. त्यात नोकरीत घेताना, अचानक, अपघातानंतर, संशय आल्यावर आणि कामावर परतताना अशा वेगवेगळ्या प्रसंगी चाचणी होते. अचानक चाचणीसाठीची नावे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतो. त्यामुळे साहेबाची मर्जी किंवा राग यांना जागा राहत नाही. पहिला आकडा जास्त आला की पंधरा मिनिटांनी खात्रीची दुसरी चाचणी होते. अमली पदार्थांसाठी लघवीच्या नमुन्याचे दोन भाग करतात, म्हणजे कर्मचाऱ्याला दुसऱ्या प्रयोगशाळेतून फेरतपासणी मागता येते. आणि निकाल जाहीर होण्यापूर्वी एक डॉक्टर त्या कर्मचाऱ्याशी बोलतो.

हा डॉक्टर का लागतो? कोडीनयुक्त खोकल्याचे औषध घेतलेल्या माणसाची चाचणीही अफूवर्गीय पदार्थांसाठी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. मसाल्यातल्या खसखशीमुळेही असे घडत असे, म्हणून अमेरिकेने १९९८ मध्ये त्याची मर्यादा बरीच वाढवली. गांजाचे अंश तर नशा उतरल्यावरही कित्येक दिवस लघवीत सापडतात. म्हणजे ते ‘कधीतरी ओढला’ एवढेच सांगतात, ‘आत्ता नशेत आहे’ असे सांगत नाहीत. उलट, सर्दीसाठी घेतलेली क्लोरफेनिरामिनसारखी साधी गोळी कोणत्याही चाचणीत ‘गुन्हा’ ठरत नाही, पण स्टीअरिंगवर डुलकी आणू शकते. चालकाने डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मी गाडी चालवतो’ हे आधी सांगावे, ते यासाठी.

मुक्कामी गाडीचे काय?

डोंगराळ तालुक्यांत यापेक्षा अवघड प्रश्न मुक्कामी गाडीचा आहे. संध्याकाळी शेवटच्या गावी जाणारी गाडी रात्री तिथेच थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. चाचणीचे यंत्र आगारात, आणि चालक वीस-तीस किलोमीटर दूर, पारावर किंवा देवळापाशी उभ्या केलेल्या गाडीत झोपलेला. कंटाळा, एकटेपणा, कुणाचा तरी आग्रह आणि सीमाभागात सहज मिळणारी दारू, हे सगळे तिथेच एकत्र येते. तपासणी मात्र तिथे पोचत नाही.

यावरचे उपाय फार खर्चाचे नाहीत. मुक्कामाच्या गाडीसोबत छोटे यंत्र देता येते, पहिली फेरी आगारात शिरताच चालकाची फुंकर घेता येते, अधूनमधून पहाटे अचानक भेट देता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे झोपायला धड खोली, पाणी आणि स्वच्छतागृह. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी, रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. जागरणाचा आकडा कोणतीही फुंकर दाखवत नाही.

मनाची अवस्थाही दाखवत नाही. २५ जानेवारी २०१२ रोजी पुण्यात स्वारगेट आगारातून बस पळवून एका एसटी चालकाने नऊ जणांचा जीव घेतला. तो प्रश्न दारूचा नव्हता. ड्यूटी बदलून न मिळाल्याचा राग आणि त्याची मानसिक स्थिती यांवर न्यायालयात दीर्घ युक्तिवाद झाले. फुंकर शून्य आली म्हणजे माणूस गाडी चालवायला योग्य आहे, असे मानता येत नाही, हे त्या घटनेने शिकवले.

परतीचा रस्ता

चाचणीत सापडलेल्या चालकाला त्या दिवशी गाडी द्यायची नाही, यात तडजोड नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. निलंबन, आरोपपत्र, चौकशी एवढ्यावरच सगळे थांबले, तर बाकीचे शिकतात ते लपवायला. सहकारी पांघरूण घालतात, कारण एका तक्रारीने एक घर उघड्यावर येते. अमेरिकी पद्धतीत दोषी कर्मचाऱ्याला व्यसनतज्ज्ञाकडे पाठवतात. पुन्हा कामावर घेतलेच, तर पहिल्या वर्षात किमान सहा अचानक चाचण्या होतात. शिक्षा आणि उपचार तिथे एकाच कागदावर येतात.

दारूचे व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. रोज पिणाऱ्याने नोकरीच्या भीतीने एकदम दारू तोडणे मात्र धोक्याचे ठरू शकते. हात थरथरणे, घाम, झोप उडणे, फिट येणे, भास होणे असा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करत आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, तर मानसिक त्रासासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. चालकाच्या घरच्यांनाही तिथे फोन करता येतो, आणि बहुतेक वेळा सुरुवात त्यांच्यापासूनच होते. सकाळी डबा भरून देणाऱ्या बायकोला नवऱ्याची रात्र आगाराच्या आधी कळलेली असते.

पहाटे साडेपाचची ड्यूटी असेल, तर आदल्या रात्री दारू नकोच. ज्याला तेवढेही जमत नाही, त्याने आगारात पकडले जाण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि त्याने स्वतःहून तसे सांगितले, तर त्याची नोकरी लगेच जाणार नाही एवढा भरवसा त्याला आगाराने द्यायला हवा.