इंजिनाची थरथर : दुरुस्तीआधी निदान हवे

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारली जात आहे. सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून जाणाऱ्या लेसर किरणांना जमिनीची सूक्ष्म थरथरही अडसर ठरते. त्यामुळे नकोशा कंपनाचा उगम शोधणे हा तेथील विज्ञानाचा अविभाज्य भाग आहे. त्याची रीत तशी साधी. कंपन किती मोठे आहे यापेक्षा ते सेकंदाला किती वेळा होते आणि कशाबरोबर बदलते, हे आधी पाहायचे. मोटारीचे इंजिन एकाएकी थरथरू लागले, तर हीच रीत वाहनमालकाचे हजारो रुपये वाचवू शकते.

चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे या मंद गतीने चालत असताना त्यात सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात. ते समान अंतराने होत असल्याने गाडीत बसलेल्यांना फारसे जाणवत नाहीत. एका सिलिंडरने काम सोडले, की सेकंदाला साधारण सात वेळा खंड पडतो. हा संथ हिसका सुकाणूचक्रावर आणि आसनावर लगेच उमटतो. गॅरेजमधील भाषेत यालाच ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. हँडब्रेक लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाची गती हळूहळू वाढवावी. थरथर येथेही जाणवली, तर दोष इंजिनाकडे किंवा त्याच्या आधाराकडे असण्याची शक्यता अधिक. उभी गाडी शांत आणि ताशी ८० किलोमीटरच्या आसपास मात्र सुकाणूचक्र थरथरते, असे असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग, टायर व ॲक्सल तपासावेत. अशा वेळी इंजिन उघडणे म्हणजे व्यर्थ खर्च होय.

दुसरी परीक्षा स्फोट चुकणे आणि आधार निकामी होणे यांतील फरकाची. स्फोट चुकत असेल तर आरपीएमचा काटा डळमळतो, धुराड्याचा आवाज अडखळतो, चढावर जोर कमी पडतो. काटा स्थिर आहे, आवाज एकसारखा आहे, तरीही गाडी हादरते आणि क्लच सोडताना ‘धप्प’ असा आवाज येतो, तेव्हा संशय इंजिन फाउंडेशनच्या रबरावर घ्यावा. उष्णतेने आणि तेलाच्या गळतीने हे रबर खराब होऊन चिरते. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात त्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे.

स्फोट चुकत असल्यास स्कॅनर लावावा. पी ०३०१ हा संकेत पहिल्या सिलिंडरकडे, तर पी ०३०३ तिसऱ्याकडे बोट दाखवतो. मात्र संकेत फक्त जागा सांगतो, कारण नव्हे. इंजिन बंद करून दोन सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल करावी. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे सरकला तर कॉइल बदलावी. तो जागेवरच राहिला तर स्पार्क प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन, असा क्रम धरावा. चालत्या इंजिनावर प्लगची वायर उपसून पाहण्याची जुनी पद्धत आता टाळलेली बरी. त्यात हजारो व्होल्टच्या धक्क्याचा धोका असतो.

काही कारणे साधी असूनही नजरेतून सुटतात. शेताजवळ किंवा गोदामालगत उभ्या केलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. धुळीने एअर फिल्टर तुंबतो. थरथर नेमकी पेट्रोल भरल्यानंतर सुरू झाली असेल, तर इंधनात पाणी आहे का, हेही पाहावे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होतात.

प्रत्येक थरथर हा बिघाड नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडे कंपन रचनेतच असते आणि एसी सुरू होताना क्षणभर भार वाढतो. प्रश्न निर्माण होतो तो नेहमीच्या वागण्यात बदल झाला की.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर मात्र विलंब नको. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते आणि तो महागडा भाग आतून वितळू शकतो. एका प्लगच्या किमतीत मिटणारे काम मग कित्येक पटींनी महागते. गाडी सुरक्षित जागी थांबवून मेकॅनिकला बोलावणे हेच शहाणपणाचे.

त्याला ‘गाडी थरथरते’ एवढेच न सांगता, इंजिन थंड होते की तापलेले, गाडी उभी होती की धावत होती, एसी चालू होता की बंद आणि त्याआधी कोणती दुरुस्ती झाली होती, हे सांगावे. अंदाजाने एकामागून एक भाग बदलत जाण्यापेक्षा ही चार उत्तरे अधिक उपयोगी पडतात.