बांधावरचे झाड आणि अंतिम भूखंड

मुळशी तालुक्यात शेतातले जुने झाड सहसा बांधावर असते. भातखाचरात सावली नको म्हणून मधली झाडे निघतात. बांधावरचा आंबा, जांभूळ, उंबर तेवढा राहतो. वड-पिंपळ देवळापाशी किंवा ओढ्याकाठी सापडतात. नवी वस्ती आखताना सर्वांत आधी पुसला जातो तो नेमका हा बांध.

याच तालुक्यात हिंजवडीला लागून असलेल्या माणच्या शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्क विस्तारत आले. शिवाजीनगरला जाणाऱ्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गिका ३ चा डेपोही माणलाच. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने माण-म्हाळुंगे येथे नगररचना योजना हाती घेतली. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखालच्या अशा योजनेत सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र धरतात, त्यातून रस्ते, बागा, शाळांची जागा काढतात आणि उरलेल्या क्षेत्रातून प्रत्येकाला नव्या आकाराचा ‘अंतिम भूखंड’ देतात. जुने वाकडेतिकडे बांध नकाशातून जातात. बांधावरचे झाड मात्र जागच्या जागीच असते आणि मग ते रस्त्याच्या मधोमध, कुंपणाच्या रेषेवर किंवा तळघराच्या खोदाईत येते. तोडीचा अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचतो तेव्हा निकाल रेखांकनातच लागलेला असतो.

म्हणून झाडांची मोजणी रस्त्यांची आखणी होण्याआधी हवी. प्रत्येक झाडाची जात, घेर, नकाशातले नेमके स्थान आणि बुंध्यापाशी जमिनीची पातळी एवढे टिपले तरी पुष्कळ काम होते. पुढचा हिशोब सोपा आहे. ब्रिटनमधील बांधकाम मानकानुसार खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखायचे असते. २४० सेंटिमीटर घेराच्या आंब्याचा व्यास सुमारे ७६ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या नऊ मीटरच्या थोडी वर आणि क्षेत्र सुमारे २६० चौरस मीटर. अंतर्गत रस्ता नऊ मीटरचा धरला तर हे वर्तुळ त्याच्या दुप्पट रुंद. बुंध्याभोवती बांधलेला मीटरभराचा सिमेंटचा पार म्हणजे झाड वाचवणे नव्हे; बहुतेक पोषकमुळे वरच्या हात-दोन हात मातीत आडवी दूरवर पसरलेली असतात. रेखांकनातली मोकळी जागा उरल्यासुरल्या कोपऱ्यात न ढकलता अशा वर्तुळांभोवती काढली, तर बाग आणि सावली एकाच जागेत मिळतात.

कायद्याचा भर तोडीच्या परवानगीवर आहे. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आंबा, चिंच, फणस, साग अशा अनुसूचित झाडांना लागू होतो, नागरी क्षेत्रात १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटले आणि जितके वय तितकी रोपे लावण्याची अट घातली. पण साठ रोपे एका साठ वर्षांच्या झाडाची सावली लगेच देत नाहीत. शिवाय ती लागतात कुठे, हा प्रश्न वेगळाच. पुनर्रोपणाची भिस्तही जातीवर असते: वड-पिंपळ फांदीतूनही मुळे धरतात, खोल सोटमुळाच्या जुन्या आंब्याकडून ती अपेक्षा धरता येत नाही.

आखणी बदलता येते हे सांगली जिल्ह्यातील भोसे येथे दिसले. सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा तिथला वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या वाटेत होता. गावकरी व पर्यावरणप्रेमींच्या विरोधानंतर २०२० मध्ये महामार्गाच्या आखणीत बदल मान्य झाला. मंजूर रस्ता हलवण्यासाठी केंद्रीय मंत्रालयापर्यंत जावे लागले. मसुद्यातली रेघ पेन्सिलीने हलते.

नकाशात वाचलेले झाड बांधकामावर मरते. मुरमाचा हातभर भराव बुंध्यापर्यंत आला की मुळांची हवा कोंडते. डंपरच्या फेऱ्यांनी माती दबते, पावसाचे पाणी आत जिरत नाही. मिक्सर धुतलेले चुन्यासारखे पाणी नेमके झाडाखाली ओततात, कारण कामावर सावली तेवढीच असते. उपाय साधा आहे: पहिली जेसीबी येण्याआधी वर्तुळावर पक्के पत्र्याचे कुंपण आणि जलवाहिनी-केबलचे चर त्याच्या बाहेरून. एवढे झाले नाही, तरी झाड लगेच वाळत नाही. शेंड्याकडच्या फांद्या दोन-तीन पावसाळ्यांनी निष्पर्ण होऊ लागतात आणि तोवर इमारतीचा ताबा देऊन झालेला असतो.