पापड का फुलतो?

वाळलेल्या पापडात जरासा ओलावा उरतो. कढईत पडताच त्याची वाफ होते आणि पापड फुलतो. लिज्जत पापड बनवणाऱ्या संस्थेचंही तसंच झालं. १५ मार्च १९५९ला गिरगावात सात जणींनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटायला घेतले. १९६१मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला, पण पद्धत टिकली. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड तोलून द्यायचे, मजुरी घ्यायची. कारखान्याचं भाडं नाही, लोकलची धक्काबुक्की नाही; पोळपाट-लाटणं हीच यंत्रसामग्री. पापड लाटणारी प्रत्येक ‘बहीण’ संस्थेची सभासद, म्हणून नफ्यातही वाटेकरी. आज अशा सुमारे ४५ हजार बहिणी आहेत. वाण्याची उधारी आणि मुलांची फी याच कमाईतून भागते.