ब्रेक्झिट आणि ब्रिटिश मतदारांची पक्षनिष्ठा

युरोपीय संघात राहावे की त्यातून बाहेर पडावे या प्रश्नावरील मतदाराची भूमिका आणि त्याची पक्षनिष्ठा यांचा परस्परसंबंध हा २०१६ नंतरच्या ब्रिटिश राजकारणाच्या अभ्यासातील एक मध्यवर्ती विषय आहे. मतदार आपल्या पक्षाकडे पाहून धोरणविषयक मत बनवतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ब्रेक्झिटच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर याच्या उलट घडले. मत कायम राहिले आणि पक्ष बदलला. २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या (‘लीव्ह’) आणि ४८.१ टक्के मतदारांनी राहण्याच्या (‘रिमेन’) बाजूने मत दिले. ही केवळ एका दिवसाची निवड न राहता पुढील काही वर्षांत लाखो लोकांची राजकीय ओळख बनली.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटनमधील पक्षनिष्ठा प्रामुख्याने सामाजिक वर्गावर आधारलेली होती. कारखान्यांतील व खाणींतील कामगार मजूर पक्षाला, तर मध्यमवर्ग हुजूर पक्षाला मत देत असे. डेव्हिड बटलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांनी १९६० च्या दशकात केलेल्या अभ्यासानुसार ही निष्ठा बहुधा आईवडिलांकडून मुलांकडे येत असे. १९५१ च्या निवडणुकीत या दोन पक्षांना मिळून सुमारे ९७ टक्के मते मिळाली होती. २०१० मध्ये हा वाटा सुमारे ६५ टक्क्यांवर आला. खाणी व जड उद्योग बंद पडणे, कामगार संघटनांची घटती सभासदसंख्या, उच्चशिक्षणाचा प्रसार आणि स्थलांतर यांमुळे वर्ग व पक्ष यांचे नाते सैल होत गेले. ब्रेक्झिटने घट्ट पक्षनिष्ठा तोडल्या असे म्हणण्यापेक्षा, आधीच सैल झालेल्या निष्ठांना नवे केंद्र दिले असे म्हणणे अधिक योग्य ठरते.

युरोपच्या प्रश्नावर दोन्ही मोठ्या पक्षांची भूमिका कधीच स्थिर नव्हती. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के मतदारांनी युरोपीय आर्थिक समुदायात राहण्याचा कौल दिला. त्यावेळी मार्गारेट थॅचर राहण्याच्या बाजूने प्रचार करत होत्या, तर मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना आपल्या मंत्र्यांना कोणत्याही बाजूने प्रचार करण्याची मुभा द्यावी लागली होती. १९८३ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने समुदायातून बाहेर पडण्याचे आश्वासन दिले होते. त्या दशकाच्या अखेरीस चित्र पालटले. मजूर पक्ष युरोपच्या जवळ गेला आणि थॅचर यांच्या १९८८ मधील ब्रुज येथील भाषणानंतर हुजूर पक्षात युरोपविरोधी प्रवाह बळावला. पक्षच भूमिका बदलत असल्याने ‘आपल्या पक्षाचे युरोपविषयी मत काय’ याचे खात्रीशीर उत्तर सामान्य मतदाराकडे नव्हते. त्यातच २०१६ पूर्वी बहुतेकांच्या लेखी हा प्रश्न दुय्यम होता. अपवाद होता तो १९९३ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड किंग्डम इंडिपेंडन्स पार्टीचा (यूकिप). स्थलांतराचा प्रश्न युरोपशी जोडून या पक्षाने २०१४ ची युरोपीय संसदेची निवडणूक जिंकली आणि २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत १२.६ टक्के मते मिळवली. मात्र या मतांच्या बदल्यात त्याला केवळ एक जागा मिळाली.

सार्वमताने पाडलेली फूट

मतदानाच्या दिवशी घेतल्या गेलेल्या लॉर्ड अॅशक्रॉफ्ट यांच्या पाहणीनुसार, २०१५ मध्ये हुजूर पक्षाला मत देणाऱ्यांपैकी ५८ टक्के लोक बाहेर पडण्याच्या बाजूचे होते, तर मजूर पक्षाच्या मतदारांपैकी ६३ टक्के राहण्याच्या बाजूचे होते. म्हणजेच दोन्ही पक्षांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मतदार आपल्याच पक्षातील बहुमताच्या विरुद्ध होते. वयाचा फरक याहून ठळक होता. १८ ते २४ वयोगटातील ७३ टक्के मतदारांनी राहण्याला, तर ६५ वर्षांवरील ६० टक्के मतदारांनी बाहेर पडण्याला पसंती दिली. पदवीधर बहुतांशी राहण्याच्या बाजूचे होते. वय आणि शिक्षण या दोन रेषा जुन्या वर्गरेषेला छेदून जात होत्या. डरहॅम परगण्यातील निवृत्त खाणकामगार आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील निवृत्त दुकानदार आयुष्यभर परस्परविरोधी पक्षांना मत देत आले असले, तरी या प्रश्नावर ते एकाच बाजूला असण्याची शक्यता मोठी होती.

ओळख म्हणून ब्रेक्झिट

सारा होबोल्ट, थॉमस लीपर आणि जेम्स टिली यांनी सार्वमतानंतरच्या काळात केलेल्या अभ्यासात असे आढळले की, स्वतःला एखाद्या पक्षाचे समर्थक म्हणवणाऱ्यांपेक्षा ‘लीव्ह’ किंवा ‘रिमेन’ म्हणवणारे अधिक होते. हे दोन गट एकमेकांना पूर्वग्रहाने पाहत. आपल्या गटातील लोक प्रामाणिक व समंजस, तर दुसऱ्या गटातील लोक दुराग्रही व स्वार्थी, अशी विशेषणे दोन्हीकडून सारख्याच सहजतेने वापरली जात. अर्थव्यवस्था कशी चालली आहे, या वस्तुस्थितीविषयक प्रश्नाचे उत्तरही गटानुसार बदलत असे. राजकीय पक्षांबाबत अशी भावनिक ध्रुवता पूर्वीही नोंदवली गेली होती. परंतु ज्या गटांना ना संघटना होती, ना नेता, ना वारसा, त्यांच्याबाबत ती इतक्या थोड्या अवधीत निर्माण व्हावी, हे अभ्यासकांना विशेष वाटले.

मारिया सोबोलेव्स्का आणि रॉबर्ट फोर्ड यांनी ‘ब्रेक्झिटलँड’ (२०२०) या ग्रंथात या ओळखीची मुळे अधिक खोल असल्याचे प्रतिपादन केले आहे. वांशिक वैविध्य, स्थलांतर आणि राष्ट्रीय अस्मिता यांविषयीची मतभिन्नता कित्येक दशके साचत होती व सार्वमताने तिला नाव दिले, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

२०१७ ते २०१९ : मतदारांचे स्थलांतर

२०१७ च्या निवडणुकीत हुजूर व मजूर पक्षांना मिळून ८२ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. त्यामुळे जुनी द्विपक्षीय व्यवस्था परतली असा समज झाला, परंतु तो वरवरचा होता. यूकिपची मते १.८ टक्क्यांवर घसरली व त्यांतील मोठा हिस्सा हुजूर पक्षाकडे गेला. दुसरीकडे, राहण्याच्या बाजूचे मतदार मजूर पक्षाकडे सरकले. १९२३ पासून मजूर पक्षाकडे असलेला मॅन्सफिल्ड मतदारसंघ हुजूर पक्षाने जिंकला, तर विद्यापीठांचे शहर असलेला कँटरबरी मतदारसंघ प्रथमच मजूर पक्षाकडे गेला. एकूण मतांचे आकडे जुन्यासारखे दिसत असले, तरी त्यांमागील माणसे बदलत होती.

संसदेत माघारीचा करार वारंवार फेटाळला गेल्यानंतर ही फूट अधिक रुंदावली. मे २०१९ मधील युरोपीय संसदेच्या निवडणुकीत काही महिन्यांपूर्वीच स्थापन झालेल्या ब्रेक्झिट पार्टीने ३०.५ टक्के मते मिळवून पहिले स्थान घेतले. राहण्याचा स्पष्ट पुरस्कार करणारे लिबरल डेमोक्रॅट्स दुसरे आले. सत्तारूढ हुजूर पक्षाला नऊ टक्क्यांहूनही कमी मते मिळाली व तो पाचव्या स्थानी फेकला गेला. सप्टेंबरमध्ये बोरिस जॉन्सन यांनी सरकारविरुद्ध मत देणाऱ्या आपल्याच पक्षाच्या २१ खासदारांना संसदीय गटातून काढले. मतदारांप्रमाणे पक्षांचीही या रेषेवर पुनर्रचना होत होती.

१२ डिसेंबर २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत जॉन्सन यांनी ‘ब्रेक्झिट पूर्ण करू’ या एका आश्वासनावर लीव्ह मतदारांना एकत्र आणले. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मते हुजूर पक्षाला पडली. ब्रेक्झिट पार्टीने हुजूर पक्षाच्या ताब्यातील ३१७ जागांवर उमेदवार न दिल्याने या एकत्रीकरणाला मदत झाली. नवा करार करून त्यावर पुन्हा सार्वमत घेण्याची मजूर पक्षाची भूमिका कोणत्याच गटाचे पूर्ण समाधान करू शकली नाही. रिमेन मतदारांपैकी जेमतेम निम्मे त्याच्यासोबत राहिले आणि उरलेले लिबरल डेमोक्रॅट्स, स्कॉटिश नॅशनल पार्टी, ग्रीन पक्ष व काही प्रमाणात हुजूर पक्ष यांत विखुरले. हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या. मजूर पक्ष २०२ जागांवर आला. १९३५ नंतरची ही त्याची सर्वांत कमी संख्या होती.

मतदारसंघांचा भूगोल

सार्वमताची मोजणी संसदीय मतदारसंघांनुसार नव्हे, तर ३८२ मतमोजणी क्षेत्रांनुसार झाली होती. त्यामुळे मतदारसंघनिहाय कौल नंतर सांख्यिकी पद्धतीने अंदाजावा लागला. ख्रिस हॅन्रेटी यांच्या अंदाजानुसार ६५० पैकी सुमारे चारशे मतदारसंघांत लीव्हला बहुमत होते. रिमेन मते लंडन, विद्यापीठांची शहरे व स्कॉटलंड येथे दाटलेली होती, तर लीव्ह मते सर्वदूर पसरलेली होती. सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरण्याच्या पद्धतीत हा फरक निर्णायक ठरला. मजूर पक्षाचे बहुसंख्य मतदार राहण्याच्या बाजूचे, पण बहुसंख्य मतदारसंघ बाहेर पडण्याच्या बाजूचे, असा पेच त्यातून उद्भवला.

उत्तर इंग्लंड व मिडलंड्समधील मजूर पक्षाच्या परंपरागत जागांना २०१९ मध्ये ‘लाल भिंत’ हे नाव मिळाले. त्यांपैकी बिशप ऑकलंड हा डरहॅम परगण्यातील जुन्या कोळसाखाणींच्या भागातील मतदारसंघ १८८५ मध्ये निर्माण झाल्यापासून प्रथमच हुजूर पक्षाकडे गेला. मात्र ही भिंत एका रात्रीत कोसळली, हे वृत्तपत्रांतून रूढ झालेले वर्णन नेमके नाही. याच मतदारसंघात मजूर पक्षाचे मताधिक्य १९९७ मध्ये वीस हजारांहून अधिक होते आणि २०१७ मध्ये ते अवघे ५०२ उरले होते. शिवाय २०१९ च्या पराभवात जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाविषयीच्या नाराजीचाही वाटा होता. तो ब्रेक्झिटपासून वेगळा काढणे कठीण आहे.

स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या स्वातंत्र्यविषयक सार्वमताने पक्षनिष्ठांची अशीच उलथापालथ आधी घडवली होती आणि ब्रेक्झिटची रेषा तिच्यावरून आडवी गेली. स्वातंत्र्य व लीव्ह या दोहोंचे समर्थन करणारे मतदार स्कॉटिश नॅशनल पार्टीसाठी अवघड ठरले. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र जुनी धार्मिक-राष्ट्रीय विभागणी प्रबळ राहिली.

सार्वमतानंतरच्या दशकात

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. त्यानंतर महासाथ, महागाई व आरोग्यसेवा हे प्रश्न पुढे आले आणि ब्रेक्झिटचा उल्लेख प्रचारात कमी होत गेला. मे २०२१ मधील पोटनिवडणुकीत हार्टलपूलही हुजूर पक्षाने जिंकले. परंतु पुढच्याच वर्षी जॉन्सन आणि त्यांच्यानंतर लिझ ट्रस पायउतार झाल्याने ही आघाडी विस्कटली. २०१६ मध्ये लीव्हचे समर्थन केलेले ऋषी सुनक यांनाही ती पुन्हा बांधता आली नाही.

४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा जिंकल्या. हुजूर पक्ष १२१ जागांवर आला. बिशप ऑकलंडसह ‘लाल भिंती’तील बहुतेक जागा मजूर पक्षाकडे परतल्या, पण तेथील मतदार तितक्या प्रमाणात परतले नाहीत. लीव्ह मते हुजूर पक्ष आणि ब्रेक्झिट पार्टीचेच नवे रूप असलेल्या रिफॉर्म यूके यांच्यात विभागली गेली, हे या विजयांचे एक मोठे कारण होते. रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के मते, पण केवळ पाच जागा मिळाल्या. दुसऱ्या टोकाला, लिबरल डेमोक्रॅट्सनी जिंकलेल्या ७२ जागांमध्ये डेव्हिड कॅमेरॉन यांचे विटनी व थेरेसा मे यांचे मेडनहेड हे मतदारसंघ होते. बोरिस जॉन्सन यांनी एकेकाळी प्रतिनिधित्व केलेला हेन्ली परिसरही त्यांच्याकडे गेला. दक्षिण इंग्लंडमधील सुशिक्षित, संपन्न मतदारांचा हुजूर पक्षापासूनचा दुरावा येथे स्पष्ट दिसतो.

मतदार पक्ष बदलतात, पण बहुधा आपल्या गटातच, हा या काळातील पाहण्यांतून दिसणारा कल आहे. लीव्ह मतदार हुजूर पक्ष व रिफॉर्म यूके यांच्यात, तर रिमेन मतदार मजूर पक्ष, लिबरल डेमोक्रॅट्स व ग्रीन पक्ष यांच्यात फिरतात. ही सीमा ओलांडणारे तुलनेने थोडे असतात. १ मे २०२५ रोजी रंकॉर्न अँड हेल्सबी या मतदारसंघातील पोटनिवडणूक रिफॉर्म यूकेने मजूर पक्षाकडून सहा मतांनी जिंकली.

अभ्यासातील अडचणी

यांतील बहुतांश निष्कर्ष त्याच त्या व्यक्तींना वारंवार प्रश्न विचारणाऱ्या पाहण्यांवर, विशेषतः १९६४ पासून चालत आलेल्या ब्रिटिश इलेक्शन स्टडीवर आधारलेले आहेत. केवळ एकदा घेतलेल्या पाहणीत मताने पक्ष बदलला की पक्षाने मत, हे कळत नाही. तसेच काही वर्षांपूर्वी आपण कसे मत दिले होते, हे अनेकांना नेमके आठवत नाही. २०२४ मध्ये २६ वर्षांखालील कोणत्याही मतदाराला २०१६ मध्ये मताधिकार नव्हता, तर त्या वेळी मत दिलेल्या वृद्धांपैकी अनेक जण हयात नाहीत. त्यामुळे १७,४१०,७४२ विरुद्ध १६,१४१,२४१ या मूळ कौलाच्या आधारे केलेले मतदारांचे वर्गीकरण प्रत्येक निवडणुकीगणिक अपुरे होत जाते.