उल्लेखांची मोजदाद आणि वेंगुर्ल्याचे काजू

वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ साली सुरू झाले आणि पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा भाग बनले. कोकणातल्या काजूला या गावाचे नाव चिकटले ते या केंद्रामुळे. १९७४ ची 'वेंगुर्ला-१' ही जात जवळच्याच आणसूर गावच्या झाडांतून निवडलेली; १९८१ च्या 'वेंगुर्ला-४' च्या जनकांपैकी एक वेतोऱ्याचा; १९९७ च्या 'वेंगुर्ला-७' ची बी सुमारे दहा ग्रॅम भरते. बागायतदार नंबर सांगतो आणि कलमे घेऊन जातो. ती जात कोणी घडविली हे त्याला ठाऊक नसते, आणि कलम लावताना तळटीप देण्याचा प्रघात नाही.

वैज्ञानिकांचे जग मात्र तळटिपांवर चालते. कोणत्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, याची सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' या नावाने प्रसिद्ध केली. तिचा मूळ हेतू ग्रंथालयीन होता : अभ्यासकाला हवा तो निबंध सापडावा. पुढे तीच सूची माणसे तोलण्याचा तराजू झाली. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकीतज्ज्ञाने एका माणसासाठी एकच आकडा सुचविला. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख लाभले, त्याचा निर्देशांक वीस. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत निबंधांना गुण देण्याची पद्धत आणली, आणि प्राध्यापकाची बढती बेरजेच्या आधीन झाली.

या तराजूत जैवसंवेदकांचे संशोधन चांगलेच जड भरते. सजीवातील एखादे विकर अथवा जिवाणू यंत्राशी जोडून एखाद्या द्रव्याचे प्रमाण ओळखावयाचे, हे या शास्त्राचे सूत्र. लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये ते मांडले : ऑक्सिजन मोजणाऱ्या विद्युदग्रावर ग्लुकोजचे विकर बसवावे, म्हणजे घटलेल्या ऑक्सिजनवरून ग्लुकोज कळते. आज मधुमेही घरबसल्या रक्ततपासणी करतात, त्या साधनांचा वंश येथून सुरू होतो. क्लार्कच्या निबंधाला उल्लेखही अमाप मिळाले आणि रुग्णांना उपयोगही झाला. असा दुहेरी योग विरळाच.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील एस. एफ. डिसूझा यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. जिवाणूंवर आधारलेल्या संवेदकांविषयीचा त्यांचा २००१ चा आढावा-निबंध या विषयात पाऊल टाकणाऱ्याला टाळता येत नाही. २००६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक ओळखणारा संवेदक वर्णिला. काचतंतूंच्या गाळणीवर बसविलेले जिवाणू त्या विषाचे विघटन करतात आणि पिवळ्या रंगाचे द्रव्य तयार होते. त्या रंगावरून विषाचे प्रमाण समजते. आढावा दहा जणांचे काम एकत्र मांडतो म्हणून त्याला उल्लेख सहज मिळतात. प्रयोगाला ते कष्टाने मिळवावे लागतात. पण आंबा पेटीत भरण्यापूर्वी फवारणीचा अंश तपासू पाहणाऱ्या बागायतदाराच्या दृष्टीने मोल त्या गाळणीचेच. ती त्याच्या हाती पोहोचली की नाही, हे कोणतीही सूची सांगत नाही. खुद्द त्या कीटकनाशकावर २०१८ मध्ये आपल्या देशात बंदी आली.

म्हणून उल्लेखांची गणना टाकाऊ ठरत नाही. नुसत्या सेवाज्येष्ठतेवर अथवा वरिष्ठांच्या मर्जीवर बढत्या देण्यापेक्षा ती पुष्कळ बरी. खुर्चीपेक्षा कामाला ती अधिक ओळखते. दोष तिच्या एकांगीपणात आहे. लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांचा घेतलेला उपयोग तेवढा ती मोजते. काजूची जात सिद्ध करायला संकर, लागवड, वर्षानुवर्षांच्या उत्पन्नाच्या नोंदी असा मोठा काळ जातो. एवढ्या अवधीत संवेदकांवर काम करणाऱ्याचे कितीतरी निबंध छापून होतात. दोघांना एकाच मापाने मोजले तर उद्याचा हुशार तरुण वेंगुर्ल्याला जाईल कशाला?

उलट बाजूही वेंगुर्ल्यातच पाहायला मिळते. 'रत्ना' आणि हापूस यांच्या संकरातून निघालेला, कोय अगदी पातळ असलेला 'सिंधू' आंबा १९९२ मध्ये प्रसारित झाला. आर. टी. गुंजाटे आणि एम. एम. बुरोंडकर यांनी १९९३ मध्ये त्यावर लिहिलेला निबंध जगभरच्या आंबा-संशोधकांच्या वाचनात आला. बागेत मात्र हापूसचे राज्य अबाधितच राहिले. सिंधू निबंधातून दूर गेला, 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' कलमांतून. निवड समितीपुढे पहिल्याची नोंद छापील असते. दुसऱ्या दोहोंची नोंद रोपवाटिकेच्या विक्रीवहीत असते, आणि ती वही समितीने मागविली पाहिजे.